कोचीचं वेळापत्रक पाणी ठरवतं

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा कोचीत तुलावर्षम् सुरू असेल. ईशान्य मोसमी पावसाचं हे तिकडचं नाव. सकाळ लख्ख उजाडते, दहा वाजताच ऊन टोचायला लागतं आणि दुपार कलली की पूर्वेकडून, सह्याद्रीच्या अंगानं, काळे ढग चढत येतात. मग विजा आणि तासभर धो धो सरी. या दिवसांत दुपारी दोन ते रात्री दहापर्यंत उघड्यावर, पाण्याजवळ किंवा झाडाखाली थांबू नका, असं केरळचं आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण बजावत असतं. आपल्याकडे मात्र शाळा-कचेऱ्यांना सुट्टी आणि बाहेर आल्हाददायक हवा म्हणून दिवाळीनंतरचा आठवडाच सहलीला पक्का केला जातो. महाराष्ट्रातला पाऊस ऑक्टोबरात परतला म्हणजे सगळीकडचाच परतला, असं आपण गृहीत धरतो.

कोचीला एकटीनं जायचं ठरवणाऱ्या बाईनं पहिला विचार करायला हवा तो या आभाळाचा. तिला घरचे आणि शेजारचे आधी विचारतात, ‘कोणाबरोबर चाललीस?’ ‘कोणत्या महिन्यात चाललीस?’ हे कोणी विचारत नाही. खरा प्रश्न तो आहे.

आमच्या ठाण्याच्या सोसायटीतल्या एक काकू टपाल खात्यातून निवृत्त झाल्या आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांनी केरळची ठरलेली सहल केली. अशा बहुतेक सहलींमध्ये कोची म्हणजे विमानतळ आणि अर्धा दिवस. फोर्ट कोचीत बस थांबते, चिनी जाळ्यांसमोर फोटो होतात, एक चर्च पाहून होतं आणि गाडी मुन्नारच्या घाटाला लागते. “अगं, जाळी बघितली, पण ती पाण्यात उतरताना बघितलीच नाहीत,” काकू मला म्हणाल्या. “आम्ही गेलो तेव्हा ती नुसती वर टांगलेली होती. आता मला तिथे बसून बघायचंय. चाळीस जणांबरोबर बसून राहता येत नाही ना.”

त्यांच्या तयारीत मी सोबत होते. नकाशे, रेल्वेचं वेळापत्रक, भरती-ओहोटीचा तक्ता, फोन नंबरांची वही असं सगळं त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेलं असायचं. एकटीच्या प्रवासाची तयारी म्हणजे भीतीचा बंदोबस्त, असं आपल्याकडे सर्रास मानलं जातं. काकूंबरोबर बसताना मला ते पटेनासं झालं. बाराही महिने दमट असणाऱ्या या किनारी शहराच्या वेळा पाऊस, भरती, बोट आणि प्रार्थना ठरवतात. त्या वेळा आधी समजून घेऊन आपला दिवस त्यांना जुळवायचा, ही इथली खरी तयारी. चाळीस जणांच्या बसला ते जमत नाही. एकट्या बाईला सहज जमतं.

कोचीत वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबई-ठाण्याचा पाऊस जून ते सप्टेंबरात उरकतो, तिथला मात्र १ जूनच्या आसपास सुरू होऊन थेट नोव्हेंबरपर्यंत या ना त्या रूपात येत राहतो. जून-जुलैत तो दिवस दिवस थांबत नाही. ९ जूनच्या मध्यरात्रीपासून ३१ जुलैपर्यंत केरळात ट्रॉलरच्या मासेमारीला ५२ दिवसांची बंदी असते. लहान नावांना परवानगी असली तरी बाजारात मासळी महाग होते, तेव्हा मासे खायलाच जाणार असाल तर हे दिवस टाळलेले बरे. ऑगस्ट-सप्टेंबरात ओणम् येतो. मुंबईतले मल्याळी गावी निघतात आणि कोकण रेल्वेची आरक्षणं पहिल्या काही मिनिटांत संपतात. मार्च ते मे तापमान फार चढतं असं नाही, पण हवेत इतकी वाफ असते की अंगावरचा घाम वाळतच नाही. नाताळचे दिवस सुंदर असतात. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री फोर्ट कोचीत पाप्पांजी या म्हाताऱ्याचा प्रचंड पुतळा जाळतात, दुसऱ्या दिवशी कोचीन कार्निव्हलची मिरवणूक निघते. मात्र त्या आठवड्यात खोल्यांचे दर चढलेले असतात आणि गर्दी अशी की परतीच्या बोटीसाठी तिष्ठत उभं राहावं लागतं. पहिल्यांदा एकटीनं जाणाऱ्या बाईनं ती रात्र निवडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उरतो तो संक्रांतीनंतरचा काळ, जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी. पाऊस जवळपास नसतो, रात्री पारा तेवीसच्या घरात उतरतो. काकूंनी स्वेटर काढून ठेवला होता, तो मी परत कपाटात ठेवायला लावला. ज्या हंगामात कोची-मुझिरिस बिएनाले भरतं, त्या हंगामात तर हे दिवस सोन्याचे. १२ डिसेंबर २०१२ला सुरू झालेलं हे कलाप्रदर्शन फोर्ट कोची आणि मट्टनचेरीतल्या जुन्या गोदामांत, व्यापारी वाड्यांत भरतं. एरवी कुलूपबंद असलेल्या कितीतरी इमारती तेव्हाच आतून पाहायला मिळतात. एका दालनात हवा तितका वेळ उभं राहायचं आणि पुढचं वगळायचं, हे एकटीला कुणाला न विचारता करता येतं.

जायचं कशानं, यावर आमचा एक दिवस गेला. विमान दीड-दोन तासांत पोचवतं. कोचीचा नेडुम्बसेरी विमानतळ २०१५मध्ये संपूर्णपणे सौरऊर्जेवर चालणारा जगातला पहिला विमानतळ ठरला आणि तो उभारला गेला तो हजारो लोकांच्या, त्यातही परदेशस्थ मल्याळ्यांच्या, भागभांडवलातून. पण तो शहरापासून तीसेक किलोमीटर लांब आहे आणि फोर्ट कोची त्याहून पुढे. स्वस्त तिकीट म्हणून रात्रीचं विमान घेतलं तर अनोळखी शहरात सगळं निजानीज झाल्यावर खोली शोधायची वेळ येते. पेरियार नदीच्या काठालगतच्या सखल जमिनीवर असल्यानं ऑगस्ट २०१८च्या महापुरात हा विमानतळ दोन आठवडे बंद होता, हेही पावसाळ्यात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

काकूंनी रेल्वे निवडली आणि मला ती मनापासून पटली. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्सप्रेस दुपारी बाराच्या सुमारास ठाण्याला मिळते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एर्नाकुलमला उतरवते. कल्याण-पनवेलकडच्यांना मंगला लक्षद्वीपही सोयीची. पावसाळी वेळापत्रकात गाड्या हळू चालतात आणि जून ते ऑक्टोबर दरम्यान पोचायच्या वेळा उशिराच्या होतात. जानेवारीत ती अडचण नाही. उजेडात उतरायचं, हा एकटीच्या प्रवासातला पहिला नियम नेत्रावतीनं आपोआप पाळला जातो.

आणि वाटेत ७४१ किलोमीटरची कोकण रेल्वे आहे. २६ जानेवारी १९९८ला तिच्या संपूर्ण मार्गावरून पहिली गाडी धावली. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, पानवलचा उंच पूल आणि मग रात्रीच्या अंधारात मांडवी, जुवारी, शरावती. हा मार्ग बांधून घेणारे ई. श्रीधरन पुढे दिल्ली मेट्रोतर्फे कोची मेट्रोच्या कामालाही मार्गदर्शक होते. एर्नाकुलमला उतरून मेट्रोत बसलं की एकाच अभियंत्याच्या हाताखालून गेलेल्या दोन कामांवरून आपला प्रवास झालेला असतो.

आरक्षणाबद्दल एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेली स्त्री एकटी प्रवास करत असेल तर तिला खालच्या बर्थच्या स्वतंत्र कोट्यातून तिकीट काढता येतं. काकूंना गुडघ्यांचा त्रास आहे, त्यांचा जीव भांड्यात पडला. दुसरं, एर्नाकुलमला दोन मोठी स्थानकं आहेत. जंक्शन म्हणजे दक्षिणेचं, आणि टाऊन म्हणजे उत्तरेचं. काही गाड्या जंक्शनला न जाता टाऊनवरूनच पुढे जातात. आपलं तिकीट कोणत्या स्थानकाचं आहे हे पाहूनच उतरल्यावरची सोय ठरवावी.

कोची हे एक सलग शहर नाही, हे नकाशा उघडेपर्यंत लक्षात येत नाही. खाडीच्या पूर्वेला एर्नाकुलम : स्थानकं, न्यायालय, मोठी दुकानं, इस्पितळं. पश्चिमेला समुद्राच्या तोंडाशी फोर्ट कोची आणि त्याला चिकटून मट्टनचेरी. मध्ये विलिंग्डन बेट. उत्तरेला लांबलचक, दाट वस्तीचं व्हायपीन. १ नोव्हेंबर १९६७ला एर्नाकुलम, मट्टनचेरी आणि फोर्ट कोची ही वेगवेगळी गावं एका महानगरपालिकेखाली आली, पण माणसं अजूनही ‘एर्नाकुलमला जाऊन येतो’ असंच म्हणतात.

ही रचनाही पाण्यानंच केलेली. १३४१ साली पेरियारला आलेल्या पुरानं मुझिरिस हे प्राचीन बंदर गाळानं भरलं आणि कोचीचं तोंड मोकळं झालं, असं मानलं जातं. विसाव्या शतकात रॉबर्ट ब्रिस्टो या अभियंत्यानं मुखाशी आडवा आलेला वाळूचा बांध खणून काढला. २६ मे १९२८ला पहिलं मोठं जहाज आत आलं आणि उपसलेल्या गाळाची भर घालून विलिंग्डन बेट तयार झालं. आज त्या बेटावर उभं राहिलं तर पायाखाली समुद्राचा तळ आहे. मला कोचीतली ही गोष्ट कोणत्याही किल्ल्याहून मोठी वाटते.

म्हणून राहायचं कुठे हे ठरवताना पाण्याचा हिशेब आधी करावा. एर्नाकुलममध्ये हॉटेलं भरपूर, इस्पितळ जवळ, स्थानक जवळ. पण फोर्ट कोचीला रोज पाणी ओलांडून जावं लागतं आणि संध्याकाळी परतावं लागतं. फोर्ट कोचीत राहिलं तर पहाटे साडेसहाला चालत जाळ्यांपाशी जाता येतं, तेव्हा किनाऱ्यावर फक्त कोळी, कावळे आणि मांजरं असतात. एकट्या बाईसाठी मी फोर्ट कोचीच सुचवेन, आणि तेही हॉटेल सोडून होमस्टे. इथे जुन्या बंगल्यांतून, माडीवरच्या दोन-तीन खोल्या देणारी कुटुंबं पुष्कळ आहेत. मात्र होमस्टे ही पाटी लावून मालक दुसरीकडेच राहणारी घरंही आहेत. फरक फोनवर कळतो.

काकूंनी वहीत प्रश्न लिहून ठेवले होते आणि एकेका घरी त्या स्वतः फोन लावत होत्या. घरात तुम्ही स्वतः राहता का? खोलीला आतून कडी आहे का, की नुसतं लॅच? रात्री फाटक कधी बंद होतं? खिडकीला जाळी आहे का? कोचीचे डास प्रसिद्ध आहेत, म्हणून शेवटचा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा. दोन ठिकाणी उत्तरं गुळमुळीत आली. तिसऱ्या घरची बाई मात्र हिंदी-इंग्रजीची मोळी बांधत मोकळेपणानं बोलू लागली. जेवण घरचंच, मासे तिचा नवरा आणतो, गच्चीवर कपडे वाळत घालता येतील, पण जिना जरा अरुंद आहे. मग तिनंच विचारलं, “आंटी, अकेला आता है?”

“हो, अकेलीच,” काकू मराठी-हिंदीत म्हणाल्या.

“अच्छा. तो अंधेरा होने से पहले आना. जेटी पे उतर के फोन करना, मेरा पहचान का ऑटोवाला है.”

काकूंनी फोन ठेवला आणि खोली पक्की केली. “जिना अरुंद आहे हे तिनं आपणहून सांगितलं,” त्या म्हणाल्या, “म्हणजे बाकीचंही खरं सांगत असणार.” घर निवडायची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

एर्नाकुलमहून पलीकडे जायला दोन प्रकारच्या बोटी आहेत. एक राज्याच्या जलवाहतूक खात्याची जुनी फेरी, तिकीट दहा रुपयांच्या आत. मुख्य जेटीवरून ती सुटते. बाकांवर कामाला निघालेली माणसं, शाळेची मुलं, मासळीच्या रिकाम्या टोपल्या. पाऊस आला की कर्मचारी बाजूचे ताडपत्रीचे पडदे भराभर सोडतो आणि आत एकदम मंद, ओला अंधार होतो. बोट धक्क्याला टेकते तेव्हा चढायला-उतरायला एक पाऊल मोकळं टाकावं लागतं. भरतीला ते पाऊल लहान असतं, ओहोटीला मोठं. मदतीचा हात पुढे येतोच, पण सामान पाठीवरच्या पिशवीत असावं आणि दोन्ही हात मोकळे असावेत.

दुसरी म्हणजे वॉटर मेट्रो. २५ एप्रिल २०२३ला तिचं उद्घाटन झालं. बॅटरीवर चालणाऱ्या, वातानुकूलित, शंभर उतारूंच्या या बोटी कोचीन शिपयार्डनंच बांधल्या. धक्के तरंगते आहेत. पाणी चढलं की धक्काही चढतो, उतरलं की उतरतो, त्यामुळे बोट आणि धक्का कायम एका पातळीत राहतात आणि चाकाची खुर्चीही सरळ आत जाते. गुडघेदुखीवाल्यांसाठी, बाळ घेऊन निघालेल्यांसाठी हे फार मोठं काम झालंय. दहा बेटं जोडायचा मूळ आराखडा आहे आणि पर्यटकांपेक्षा बेटांवरच्या लोकांचं रोजचं जाणं-येणं हा त्याचा हेतू होता. हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोचीला जाणाऱ्या बोटीला शनिवार-रविवारी लांब रांग लागते. तेव्हा सकाळी लवकर जावं, नाहीतर जुनी फेरी पकडावी. माझा कौल एकदा हिला, एकदा तिला.

काकूंना पाहायची होती ती चिनी जाळी बघायची तर भरती-ओहोटीचा तक्ता हवाच. ही जाळी सुमारे दहा मीटर उंचीच्या लाकडी सांगाड्यावर टांगलेली असतात. दुसऱ्या टोकाला दोरांना बांधलेले दगड वजन तोलून धरतात. तोल इतका नेमका की एक माणूस मुख्य वाशावरून चालत पुढे गेला तर त्याच्या भारानं जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं थांबायचं, मग चार-सहा जण मिळून दोर ओढायचे. दगड एकामागून एक खाली येतात, पाणी गळतं आणि जाळ्याच्या मध्यात मूठ-दोन मूठ मासळी चमकते. पुष्कळदा तेवढीच. पाणी वाहतं असेल तरच मासे जाळ्यावरून जातात, म्हणून भरती-ओहोटीचं पाणी वाहतं असताना जाळी सतत खाली-वर होत असतात आणि पाणी थबकलं की तशीच टांगलेली राहतात. काकूंच्या बसनं नेमकी ती वेळ गाठली होती. पावसाळ्यानंतर जलपर्णी वाहून येते, जाळ्यांत अडकते, आणि कोळ्यांचा अर्धा वेळ ती काढण्यातच जातो. लाकूड महाग झालं, सांगाडे कुजले, काही ठिकाणी लोखंडी नळ्या आल्या, काही जाळी मोडूनच पडली. किनाऱ्यावरचे कोळी पर्यटकांना दोर ओढायला बोलावतात आणि मग चार पैशांची अपेक्षा ठेवतात. ते द्यावेत. या धंद्यात आता मासळीवर घर चालत नाही.

किनाऱ्यावर ताजी मासळी विकत घेऊन शेजारच्या टपरीत तळून घ्यायची पद्धत आहे. वजन आणि दर आधी ठरवावा, करणावळ वेगळी असते. आणि फोर्ट कोचीचा किनारा पोहण्यासाठी नाही. बंदराचं मुख असल्यानं ओढ जबरदस्त, तळाशी दगड. समुद्रात उतरायचं असेल तर व्हायपीनच्या उत्तर टोकाकडे चेराईला जावं, तेही कोरड्या महिन्यांत.

आता वारांचं गणित. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. हा १५५५च्या सुमाराला पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाला बांधून दिला आणि १६६३नंतर डचांनी दुरुस्त केला, म्हणून त्याला डच पॅलेस म्हणतात. आत भिंतभर रामायणाची चित्रं आहेत, फोटो काढता येत नाहीत, तेव्हा डोळे भरून पाहावीत. जवळच १५६८चं परदेशी सिनेगॉग शनिवारी आणि ज्यू सणांना बंद, शुक्रवारीही उघडं असेल असं धरून चालू नये. त्याच्या जमिनीवर चीनहून आलेल्या निळ्या-पांढऱ्या हातरंगी फरशा आहेत, बारकाईनं पाहिलं तर एक दुसरीसारखी नाही. त्या पाहायला मान खाली घालून सावकाश चालावं लागतं. १९५०च्या दशकात इथले बहुतेक ज्यू इस्रायलला गेले, आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही राहिले नाहीत. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये रविवारी सकाळी उपासना चालते. तिथे छताला दोरीनं ओढायचे जुने पंखे अजून आहेत. २४ डिसेंबर १५२४ला कोचीत वारलेल्या वास्को द गामाला आधी इथेच पुरलं होतं, १५३९मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. त्रिपुणितुराचा हिल पॅलेस सोमवारी बंद. थोडक्यात, शुक्रवारी उतरून रविवारी परतणारा माणूस कोचीचा अर्धा भाग बंद दरवाजांबाहेरूनच पाहतो.

मराठी वाचकानं मट्टनचेरीत आणखी एका कारणासाठी वेळ राखून ठेवावा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या छळामुळे गोव्यातून निघालेली गौड सारस्वत कुटुंबं दक्षिणेला सरकत कोचीपर्यंत आली. तिरुमल देवस्वमचं देऊळ त्यांचं, आणि चेरलाई भागात अजूनही घराघरांत कोंकणी बोलली जाते. मल्याळी पाट्यांच्या गल्लीत अचानक ओळखीचे शब्द कानावर पडले की पाऊल थबकतं. डच गव्हर्नर व्हान रीड याचा मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यात स्थानिक वैद्य इट्टी अच्युतन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांचा हात होता. पहिल्या खंडात त्या तिघांचं प्रमाणपत्र त्यांच्याच भाषेत, नागरी लिपीत छापलेलं आहे. सतराव्या शतकातल्या युरोपी ग्रंथात आपली लिपी, आणि ती लिहिणारी माणसं याच गल्ल्यांतली. सहलीच्या बसमधला एकही मार्गदर्शक हे सांगत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सुरक्षिततेबद्दल काकूंच्या मुलानं पुण्याहून फोनवर पुष्कळ विचारलं. त्याची काळजी रास्त होती. उत्तरं काकूंनीच दिली. बसमध्ये बायकांच्या जागा पुढच्या बाजूला असतात. बसवरच्या पाट्या बऱ्याचदा फक्त मल्याळममध्ये असतात, म्हणून कंडक्टरला विचारून चढायचं. देशभर चालणारा ११२ आहेच, शिवाय केरळ पोलिसांच्या महिलांसाठीच्या पिंक पेट्रोलचा १५१५. फोर्ट कोचीत पर्यटकांची गर्दी असूनही रस्ते रात्री लवकर ओस पडतात, तेव्हा नऊच्या आत घरी. घरमालकिणीचा नंबर मुलाकडे, मुलाचा तिच्याकडे. “आणि दिवसातून एकदाच फोन करीन,” काकूंनी त्याला सांगितलं. “दर तासाला केलास तर मी बघणार काय?”

सामानाचं फार बोलत नाही. सुती किंवा पटकन वाळणारे कपडे, कारण दमट हवेत जाड कापड दोन दिवस ओलं राहतं. रेनकोटपेक्षा छत्री बरी. तिथे उन्हातही सगळे छत्री धरतात. डासांचं मलम, मीठ-साखरेच्या पुड्या, आणि पट्ट्याच्या चपला. पावसाळ्यात गेलात तर साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये, लेप्टोचा धोका आपल्यासारखाच तिथेही आहे.

एकटीनं जेवायला बसण्याचा संकोच हा आपल्या बायकांचा मोठा अडसर. केरळात तो चटकन सुटतो. दुपारच्या जेवणाच्या साध्या खाणावळीत टेबलावर जिथे जागा असेल तिथे बसवतात. केळीच्या पानावर जाड, लालसर मट्टा भात, सांबार, तोरन, लोणचं, पापड येतं. हातात पेला येतो तो कोमट, गुलाबी पाण्याचा. पतिमुखमच्या लाकडाचे तुकडे उकळलेलं ते पाणी पहिल्यांदा पाहणाऱ्याला सरबत वाटतं, पण चव जवळजवळ नसतेच, आणि उन्हातून आल्यावर ते थंड पाण्याहून जास्त शांत करतं. उकळलेलं असल्यानं पोटालाही सांभाळतं. सकाळी पुट्टू-कडला किंवा आप्पम-इष्टू घ्यावा. करिमीन हा मासा केळीच्या पानात भाजून देतात. तो आकारावर विकला जातो, म्हणून मागवण्याआधी भाव विचारावा. खोबरेल तेलाचा वास ज्यांना सोसत नाही त्यांनी आधीच आप्पमवर भर द्यावा.

काकूंच्या वहीत आता शुक्रवार मोकळा आहे. राजवाडा बंद, म्हणून त्या दिवशी फोर्ट कोचीहून रो-रो बोटीनं पाच मिनिटांत व्हायपीन, तिथून बसनं उत्तरेला. या पट्ट्यातल्या पोक्काली शेतांत पावसाळ्यात खाऱ्या पाण्यात तग धरणारा भात होतो आणि नोव्हेंबरनंतर त्याच खाचरांत कोळंबी. जानेवारीत मोठ्या भरतीला एडवनक्काडसारख्या गावांत खारं पाणी अंगणात शिरतं. पर्यटकाला ते आरशासारखं दिसतं, तिथल्या घरांच्या भिंती त्यानं फुगतात आणि विहिरी नासतात. काकूंना ते बघायचंय, कारण टपालात असताना पत्ते शोधत फिरलेल्या माणसाला कुठल्याही गावातली घरं कशी उभी आहेत हे बघायची सवय असते. कुठे उतरायचं हे त्यांनी ठरवलेलं नाही. कंडक्टरला विचारणार आहेत.

रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या दिवसाच्या साठ दिवस आधी सकाळी आठला उघडतं. काकूंना १८ जानेवारीला निघायचंय. १९ नोव्हेंबरला सकाळी पावणेआठला मी त्यांच्याकडे लॅपटॉप घेऊन जाणार आहे, आणि खालचा बर्थ मिळाला की लगेच त्या कोचीला फोन लावणार आहेत.